मारुतआबांस, कॉम्प्युटरच्या क्लासातून

राहू, ता. दौंड
मंगळवार, दुपारी जेवणं झाल्यावर

श्रीयुत मारुतराव आबा यांस,

राहूहून भिमाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. भोपाळात थंडी कितपत आहे, गुडघा काय म्हणतो, सकाळचं फिरणं चालू आहे की सूनबाई धुक्यात दार उघडू देत नाहीत, हे सगळं सावकाश कळवावं. इकडं आम्ही जिथं होतो तिथंच आहोत आणि जसे होतो त्यापेक्षा थोडे जुने झालो आहोत. (पत्र म्हणून जरा शुद्ध लिहितोय. मधीच बोलण्यातलं घुसलं तर तसंच वाचा, तुम्हाला सवय हाय.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुमचा सुदर्शन म्हणेल. त्याला सांगा, फोनवर त्याच्या वडिलांशी बोलण्यापेक्षा विहिरीत तोंड घालून बोललेलं बरं, निदान आपलाच आवाज परत येतो. मागल्या खेपेला मी सांगितलं की आमची गाभण म्हैस घसरून पडली, डॉक्टर आणावा लागला. तुम्ही म्हणालात, "वा वा, पेढे पाठवा." त्याच्या आधी विचारलं, आबा, गावाकडं कवा येता? तुम्ही म्हणालात, "व्हय, आत्ताच जेवलो." आता हे कानामुळं की मुद्दाम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सुदर्शननं कानाचं यंत्र आणलंय म्हणे आणि तुम्ही ते डबीत जपून ठेवलंय म्हणे. डोळे मात्र तुमचे अजून घारीचे. म्हणून लिहितोय. वाचताना तरी तुम्हाला "पेढे पाठवा" म्हणता येणार नाही.

मुख्य बातमी ही की मी कॉम्प्युटरच्या क्लासला जातोय. आधी हसून घ्या. झालं हसून? मग पुढं वाचा.

झालं असं. आमच्या पृथ्वीराजची बायको तेजश्री तुम्ही लग्नात बघितली होती (तुम्ही तिला आहेर म्हणून पाच किलोची ढेप दिली होतीत आणि फोटोवाल्यानं ती नवरीच्या मांडीवर ठेवून फोटो काढला होता, तो अजून भिंतीवर आहे). तिनं बियाणांच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवायचा वर्ग काढला. कॉम्प्युटर शिरूरच्या एका संस्थेनं दिले, फुकट, पण दोन अटी घालून. एक, वर्गात किमान दहा जण पाहिजेत. दोन, तीन महिन्यांनी संस्थेच्या मॅडम येणार, तवा प्रत्येकानं स्वतः केलेलं काहीतरी चालवून दाखवायचं. यातली एक जरी अट मोडली तरी टेम्पो येणार आणि कॉम्प्युटर परत नेणार. इकडं पृथ्वीराज सणसवाडीला कंपनीत. जाऊन येऊन जीव मेटाकुटीला येतो, म्हणून तो तेजश्रीला म्हणत होता, "तुझा वर्ग जमला तर ठीक, न्हाईतर आपण तिकडंच खोली घेऊ." मी पडवीत वैरण ओली करत होतो. मला ऐकायचं नव्हतं, पण तुमच्यासारखे कान मला देवानं दिलेले नाहीत.

वर्गाला नऊ जणी जमल्या. सगळ्या गावातल्या पोरी आणि सुना. दहावी काही मिळेना. तेजश्री आठ दिवस घरोघर हिंडली. कुणाची ऊसतोड, कुणाचं लेकरू, कुणाच्या सासूला वाटे कॉम्प्युटर शिकली की सून घटस्फोट मागते. शेवटी एका दुपारी ती ओट्यावर येऊन टेकली. तवा आमची दगडाबाई (तुमच्या घरच्या वहिनी गेल्यापासून तिची जीभ अडवणारं गावात कुणी राहिलेलं नाही) भाकरीचं पीठ झटकत मला म्हणाली, "तुमी जावा की दहावं. न्हाईतरी दिसभर गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडं बघत असता. तिथं बसून पडद्याकडं बघा. काय फरक पडतोय?"

तेजश्री हसली नाही. म्हणाली, "आण्णा, नुसतं नाव लावा. यायची पण गरज न्हाई." मी म्हटलं, नाव लावलं तर बसणार. नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं, हे मी ग्रामपंचायतीत पुष्कळ पाहिलंय, माझ्या सुनेच्या वर्गात ते नको. खरं कारण वेगळं होतं, आबा. सणसवाडीच्या त्या खोलीचं दार मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते कसं बंद करायचं एवढंच मला कळत होतं.

पहिले पंधरा दिवस काय झालं ते लिहीत नाही, अब्रू जाईल. एवढंच सांगतो की माउस म्हणून ती वस्तू टेबलावर सरकवायची असते, पडद्याला लावायची नसते. आम्ही शिकतो त्या भाषेचं नाव पायथन. दगडाबाईनं अर्थ विचारला, मी सांगितला, अजगर. तेव्हापासून ती मला निघताना म्हणते, "जपून बसा." भाषेतले दहा-वीस शब्द इंग्रजी, बाकी नावं आपण मराठीत लिहिली तरी चालतं, म्हणून माझा निभाव लागला. पोरी चांगल्या आहेत. मला मागच्या रांगेत खिडकीशी जागा दिली. खिडकीतून तुमचं घर दिसतं. कुलूप जागेवर आहे. शेवग्याला शेंगा लागल्यात, त्या मी काढतो आणि खातो, हे कबूल करून टाकतो.

मग एक दिवस तेजश्रीनं फळ्यावर लिहिलं, क्लास आणि ऑब्जेक्ट. मी म्हटलं, क्लासात तर आपण बसलोच आहोत. ती म्हणाली, "तो न्हाई, आण्णा. हा क्लास म्हंजी साचा. गुऱ्हाळावर ढेपेचा साचा असतो ना, तो. साच्यात गूळ नसतो. ढेप कशी असावी एवढंच त्यात असतं. त्यात वतून जी ढेप बाहेर येती, ती ऑब्जेक्ट. एका साच्यातनं हजार ढेपा. पण प्रत्येकीचं वजन येगळं, रंग येगळा." पोरी नुसत्या बघत राहिल्या, कारण त्यांनी साचा पाहिलेला नाही. आपलं गुऱ्हाळ बंद पडलं तवा त्या शाळेत होत्या. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, बरोबर हाय! साचा एकच, पण मारुतआबांनी उतरवलेली ढेप हाताला कळायची. मग मी त्या पोरींना अर्धा तास सांगत बसलो, गुळव्या म्हणजे गूळ उतरवणारा, काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, सव्वीस वर्षं तिच्यापाशी उभं राहून तुम्ही पाक पाण्यात टाकून गोळी कशी बघायचा, आणि एकदा मी घाई करून काहील आधी उतरवली तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी कसं बोलला नव्हता. तेजश्रीनं मला थांबवलं नाही. त्या दिवशी क्लास आणि ऑब्जेक्ट तेवढ्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. सेल्फ म्हणून एक शब्द आहे. सेल्फ म्हटल्यावर मला ट्रॅक्टरचा सेल्फ आठवला, किल्ली फिरवली की घुर्र होतो तो. इथं तसलं काही नाही. मी 'माणूस' नावाचा क्लास केला. त्याला एक काम शिकवलं (कामाला मेथड म्हणतात): चहा विचारला की उत्तर द्यायचं. मग पहिलं ऑब्जेक्ट केलं, मारुतराव. तुम्हीच. दुसरं कोण करणार? आणि चहा विचारला. पडद्यावर तांबडी अक्षरं. तेजश्रीनं अर्थ सांगितला, कॉम्प्युटर म्हणतोय की या कामाला काहीच द्यायचं नव्हतं, तुम्ही एक दिलं. मी म्हटलं, मी कुणाला काहीच दिलेलं नाही, हा माझ्यावर आळ आहे. ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही मारुतआबांना चहाला बोलवलं, तर ते स्वतः येणारच की. बोलवल्यालं माणूस आपसूक आत येतंय. तुम्ही त्याला बसायला पाटच मांडला न्हाई. तो पाट म्हंजी सेल्फ. कंसात पहिल्यांदा तो मांडायचा." मी पाट मांडला आणि पुन्हा बोलावलं. पडद्यावर आलं:

मारुतराव म्हणतात: अर्धाच घेतो. पण मोठ्या कपात.

आबा, हे वाक्य मीच टाइप केलं होतं. एकेक अक्षर शोधत, पाऊण तास लागला होता. तरी ते तिकडून आल्यासारखं वाटलं. मी इकडं तिकडं बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं, आणि पुन्हा चहा विचारला. मग पुन्हा. त्या दिवशी तुम्ही सतरा अर्धे कप घेतलेत.

मग माझी गाडी सुटली. संस्थेला दाखवायला बाकीच्या पोरी दुकान, वाचनालय, दूध डेअरी असलं शहाण्यासारखं काही करत होत्या. मी माणसं करू लागलो. ऑब्जेक्ट जन्माला येताना त्याला काय काय चिकटवायचं ते आधी ठरवायचं असतं. मी ठेवलं नाव, वय, गाव आणि आजार. (आपल्या वयात आजार लिहिला नाही तर माणसाची ओळख पटत नाही.) संध्याकाळी गुऱ्हाळावर जमायची ती सगळी मंडळी एकेक करून आत घातली. त्यातली तीन आता देवाघरी आहेत, त्यांचीही केली. कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही. तुमच्या ऑब्जेक्टपुढं गाव म्हणून मी राहू लिहिलं. तेजश्री पाठीमागून बघत होती. म्हणाली, "आण्णा, मारुतआबा भोपाळला असत्यात ना?" मी म्हटलं, असतील. ती पुढच्या पोरीकडं गेली. दुरुस्त कर म्हणाली नाही. हुशार पोरगी आहे, तुमच्या ढेपेला जागली.

आता संकटाकडं वळतो. एका दुपारी दगडाबाई वर्गात आली. माझा चष्मा घरी राहिला होता तो द्यायला आली, असं तिचं म्हणणं. खरं म्हणजे अजगर बघायला आली होती. मी तिला खुर्ची दिली आणि ऐटीत म्हटलं, बघ, तुला पण केलीय. (दगडाबाई ऑब्जेक्ट नंबर नऊ.) ती खूश झाली. पदर सावरून बसली, जसा काही फोटोच निघणार होता. मी म्हटलं, आधी मारुतआबांचं बघ, आजार अजून कुणालाच लावलेले नाहीत, त्यांच्यापासनं सुरू करतो. आणि तुमच्या आजारांच्या यादीत टाकलं, कमी ऐकू येतं. मग थोडं पुढचं सुचलं म्हणून टाकलं, मुद्दाम न ऐकणे. मग दगडाबाईचं ऑब्जेक्ट उघडलं. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, दगडाबाई, वय एकोणसाठ, गाव राहू, आजार: कमी ऐकू येतं, मुद्दाम न ऐकणे.

दगडाबाईला वाचता येतं, हे मला त्या क्षणी फार लागलं. मी घाईघाईनं म्हटलं, चूक झाली, दुसऱ्याचं बघू, आणि सरपंचांचं उघडलं. तेही बहिरे. पुढचे बहिरे. त्याच्या पुढचे बहिरे. तिघं गेलेले, तेही बहिरे. अख्खं गाव एका मिनिटात मुद्दाम न ऐकणारं झालं. (सरपंचांच्या बाबतीत कॉम्प्युटर खरं बोलला, ते सोडा.) दगडाबाई उठली, चष्मा टेबलावर आपटला आणि म्हणाली, "चाळीस वर्सं तुमचं ऐकतीय, ही चूक झाली माजी. आजपास्नं खरंच ऐकत न्हाई." आणि गेली. दोन दिवस भाकरी मिळाली, पण कोरड्यास मिळालं नाही.

तेजश्रीनं मग माझी चूक दाखवली. आजारांची यादी मी प्रत्येक माणसाची वेगळी न ठेवता साच्यावरच कोरून ठेवली होती. म्हणजे यादी एकच आणि सगळ्यांची सामाईक. एकाच्या नावानं काही लिहिलं की सगळ्यांच्या अंगाला लागणार. ती म्हणाली, "जे सगळ्यांचं सारखं हाय ते साच्यावर ठेवा. जे ज्याचं त्याचं हाय ते जन्माच्या वेळी, सेल्फ लावून, ज्याच्या त्याच्या पदरात घाला." मी म्हटलं, बाई, हे तू मला साठ वर्षांआधी सांगायला पाहिजे होतंस. त्या रविवारी मी सगळ्यांच्या याद्या वेगळ्या केल्या. दगडाबाईच्या यादीत काहीच ठेवलं नाही, कोरी. तिला नेऊन दाखवली. ती म्हणाली, "गुडघा दुखतोय की माजा. त्यो लिवा." म्हणजे समेट झाला.

मॅडम यायचा दिवस उजाडला. नीलम मॅडम म्हणून, शिरूरहून आल्या, बरोबर एक फाईलवाला. त्या दिवशी पृथ्वीराजनंही सुट्टी काढली होती. म्हणाला बायकोला मदत करायला, पण मला वाटलं टेम्पो भरायची तयारी करून आला असावा. खोलीत माणूस मावत नव्हता. पोरींचं झालं, दुकान चाललं, डेअरी चालली, वाचनालयातली ज्ञानेश्वरी थोडी अडखळली पण सावरली. मग मॅडमनी यादी बघितली आणि विचारलं, "भिमाजी कोण? मुलगा दिसत नाही." मी खिडकीपाशी उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं, मग यादी बघितली, मग तेजश्रीला बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला वाचता आलं: संख्या भरायला सासरा बसवलाय. तेजश्रीचा चेहरा पडला. आबा, काहील उतरवायची वेळ कळते तशी मला वेळ कळली. मी म्हटलं, मॅडम, मी संख्येलाच आलो होतो. पण बसलो तीन महिने. आता बघा तरी.

माझी माणसं दाखवली. मॅडम म्हणाल्या, "बरं आजोबा, एक नवीन ऑब्जेक्ट करून दाखवा. माझंच करा." त्यांना वाटलं असेल पाठ केलेलं आहे. मी बसलो. नाव, नीलम. गाव, शिरूर. मग मान वर करून विचारलं, वय? मॅडम म्हणाल्या, "सत्तेचाळीस." मी विचारलं, आजार? फाईलवाला खोकला. मॅडम हळूच म्हणाल्या, "बीपी आहे थोडं." मी लिहिलं. ऑब्जेक्ट तयार झालं, तांबडं काही आलं नाही. आता थांबायला पाहिजे होतं. पण मला ऐट आली. मी म्हटलं, आता सगळ्यांना एकदम चहा विचारतो. ओळीनं सगळ्यांना एकच काम सांगायची युक्ती तेजश्रीनं आदल्याच आठवड्यात शिकवली होती. बटण दाबलं. पडद्यावर भराभर ओळी आल्या.

मारुतराव म्हणतात: अर्धाच घेतो. पण मोठ्या कपात. सरपंच म्हणतात: अर्धाच घेतो. पण मोठ्या कपात. गेलेले तिघं, तेही अर्धाच घेतो, पण मोठ्या कपात. दगडाबाई म्हणतात, अर्धाच घेतो. आणि शेवटी नीलम म्हणतात: अर्धाच घेतो. पण मोठ्या कपात.

पोरी फुटल्याच. पृथ्वीराज भिंतीला टेकून हसत होता, फाईलवाल्यानं फाईल तोंडापुढं धरली. चहाचं ते काम मी साच्यातच लिहिलं होतं ना, तुमच्या बोलीत. म्हणजे साच्यातून जे कुणी निघेल ते तुमच्यासारखंच बोलणार. हे मला तोवर कळलं नव्हतं, कारण आजवर मी चहा फक्त तुम्हालाच विचारला होता.

मॅडमही हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, "आजोबा, मला घेते म्हणायला शिकवा. पण हे बोलणारं कोण आहे? सगळ्या गावाला ज्यांची भाषा दिलीत ते कोण?"

मी तोंड उघडलं, आबा. सांगायचं होतं साधंच, आमचे मित्र आहेत म्हणून. पण पडद्यावर बारा वेळा तुमचं वाक्य होतं आणि मी त्याच्याकडं बघत राहिलो. खोलीतलं हसू हळूहळू थांबलं. शेवटी तेजश्री म्हणाली, "आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. यांचे मित्र. दोन वर्सं झाली, ल्योकाकडं भोपाळला असत्यात." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवलेला गावानं बघितला.

निकाल असा की कॉम्प्युटर राहिले. मॅडमनी फाईलवाल्याकडून फाईल घेऊन स्वतः सही केली. एवढ्यावर थांबत्या तर मी आज सुखात असतो. पण त्या तेजश्रीला म्हणाल्या, "सासऱ्यांना क्लास-ऑब्जेक्ट शिकवलंस, तर तू कुणालाही शिकवशील. आमच्याकडं शिरूरला नवीन शिक्षिका तयार करायच्यात. आठवड्यातून तीन दिवस ये." म्हणजे बघा. पोरगी घरातून जाऊ नये म्हणून मी अजगराच्या तोंडात बसलो, आणि मी चांगला शिकलो म्हणूनच ती निघाली. तेजश्रीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, जा. आधी तोंडानं म्हटलं. मनानं म्हणायला चार दिवस लागले. सोमवार, मंगळवार, बुधवार ती पहाटे उठून डबा भरते आणि एसटीनं शिरूर गाठते. सणसवाडीची खोली मात्र रद्द झाली. पृथ्वीराज स्वतः तिला मोटारसायकलवर थांब्यापर्यंत सोडतो आणि मग कंपनीत जातो. ते तीन दिवस वर्गाची किल्ली माझ्याकडं. मास्तर झालो असं समजू नका. मी दार उघडतो, पंखा लावतो, पोरी आपलं आपलं करतात आणि अडलं तर मला विचारतात. मी म्हणतो, पाट मांडला का बघ. दहापैकी सात वेळा तेच असतं.

आजही मंगळवार आहे. पोरी गेल्या. हे पत्र वर्गात बसून लिहितोय, हातानंच, कॉम्प्युटरवर नाही, कारण कॉम्प्युटरवरचं पत्र तुम्ही खोटं समजाल. संध्याकाळी कट्ट्यावर जातो. काहिलीखालचं चुलवाण थंड आहे, त्यात मांजरीनं पिल्लं घातलीत. बसणारे आता दोघंतिघं. ते राजकारण बोलतात. मला राजकारणाचा कंटाळा नाही, पण तुम्ही मधीच "हे सोडा, पाक बघा" म्हणायचा, तसं म्हणणारं कुणी नाही, मग ते बोलणं संपतच नाही. उसाला पाणी आहे, म्हैस बरी झाली, रेडी झाली. माझी तब्येत चांगली आहे. तुमच्यावाचून इथं काही अडलेलं नाही, तेव्हा उगाच जिवाला लावून घेऊ नका.

सुदर्शनला आणि सूनबाईंना आमच्या घरच्या सगळ्यांची आठवण सांगा. नातवंडांना सांगा की त्यांच्या आजोबांचा हात गोड आहे आणि हे सांगणारा माणूस राहूला असतो. दगडाबाईनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिनं ऐकलं आणि सांगितलं, म्हणजे तिचे कान ठीक आहेत हेही कळावं.

तुमचा,
भिमाजी

ता.क. सेल्फचा पाट विसरायचा नाही, हे तुम्हाला उगाच सांगितलं. तुम्हाला कुठं लागणार आहे. पण वाचून झाल्यावर दोन ओळी लिहून पाठवा. "पोचलं" एवढंच लिहिलंत तरी चालेल.

दुसरं ता.क. वर लिहिलंय की तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. ते खोडणार होतो, पण पान खराब दिसलं असतं म्हणून ठेवलं. तुम्ही ते वाचू नका.

तिसरं ता.क. मूळ काम सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेचं दौंडहून भोपाळचं तिकीट काढलंय. तेजश्रीनं काढून दिलं, खालची बर्थ मिळाली. सुदर्शनला स्टेशनवर पाठवू नका, तुम्ही स्वतः या, आणि कानात यंत्र घालून या, कारण गाडीतून उतरल्याबरोबर मी तुम्हाला एक गोष्ट विचारणार आहे आणि ती मला दोनदा विचारायला जमणार नाही. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही. तेजश्री विचारत होती, एक काढू की दोन. तिला म्हटलं, थांब, तिथं जाऊन सांगतो.